निधी आणला म्हणतात, पण हिशोब कोणाला आणि कसा विचारायचा?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की चोपडा तालुक्यात तुमचं खत-बियाणांचं दुकान आहे, जीएसटी भरता, इन्कम टॅक्स भरता, घरपट्टी भरता, आणि गावाला येणारा तीन किलोमीटरचा रस्ता चार वर्षांत दोनदा झाला तरी उखडलेलाच आहे. आमदारांना विचारलं की ते म्हणतात इतक्या कोटींचा निधी आणला, फाट्यावर बोर्डही लागलाय. तर करदाता म्हणून हिशोब मागायचा हक्क आहे का, आणि आमदार दाद देत नसेल तर त्याला मधेच घरी बसवता येतं का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही, आमदार-खासदाराला मतदारांनी मधेच परत बोलवायची सोय आपल्याकडे नाही, पाच वर्षांनी मतदान हाच मार्ग. पण मला अनुभवाने असं वाटतं की तशी सोय असती तरी फार फरक पडला नसता, कारण आपण जे विचारतो तेच मुळात चुकीचं विचारतो. मी स्थानिक निधी लेखापरीक्षा खात्यात २८ वर्षं नोकरी केली, धुळे जळगाव नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतली झेडपीची, पंचायत समित्यांची, नगरपालिकांची दप्तरं तपासली, आता अमळनेरला असतो आणि रोज सकाळी कोणी ना कोणी कागदाची पिशवी घेऊन ओट्यावर येतं. त्यामुळे जे सांगतोय ते दप्तर बघून सांगतोय.

हक्काचं बघा. घटनेचं कलम २६५ म्हणतं कायद्याशिवाय कर लावता येणार नाही, आणि कलम २६६ म्हणतं सरकारच्या एकत्रित निधीतून कायद्याशिवाय पैसा काढता येणार नाही. राज्यापुरता हा कायदा कोण करतं तर विधिमंडळ. म्हणजे पैसा तुमच्या खिशातून निघतो त्या दारावर आणि सरकारच्या तिजोरीतून निघतो त्या दारावर, दोन्हीकडे तुमचा आमदार उभा आहे, त्याच्या होकाराशिवाय काहीच पुढे सरकत नाही. आणि एक गोष्ट डोक्यात ठेवा, करदाता म्हणजे फक्त रिटर्न भरणारा नाही. तुमच्याकडचा सालदार इन्कम टॅक्स भरत नसेल पण गाडीत शंभराचं पेट्रोल टाकतो तेव्हा केंद्राची एक्साइज आणि राज्याचा व्हॅट दोन्ही देतो, पोरीच्या लग्नाला जळगावच्या सराफ बाजारातून एक लाखाचं सोनं घेतलं तर तीन हजार जीएसटी देतो, त्यातले दीड हजार राज्याचे नि दीड हजार केंद्राचे. तुम्ही "आम्ही टॅक्स भरणारे" म्हणून वेगळे उभे राहिलात ना, की निम्मं गाव तुमच्यासोबत येणार नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. त्याला बरोबर घेऊन जा.

आता मुख्य गोष्ट. आपण आमदाराकडे काय मागतो? सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, स्मशानभूमीचं शेड, फार तर गावातलं काँक्रीट. तो देतोही, कारण स्थानिक विकास निधीचे वर्षाला पाच कोटी त्याच्या हातात असतात आणि त्यातून गावोगाव पाच-दहा लाखाचं काम टाकलं की लोक खुश. पण २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प बघा, खर्चाचा आकडा ७ लाख कोटींच्या वर आहे, महसुली तूट ४५,८९१ कोटी. विधानसभेत आमदार २८८. सात लाख कोटीला २८८ ने भागा, एकेका आमदाराच्या वाट्याला साधारण २,४३० कोटींच्या खर्चाला मंजुरी द्यायची जबाबदारी येते. म्हणजे आपण पाच कोटींवर पाच वर्षं भांडतो आणि चोवीसशे कोटींबद्दल त्याला एक शब्द विचारत नाही. मी २८ वर्षांत एकही गाव असं बघितलं नाही जिथे आमदाराला कोणी विचारलं, की दादा, तुम्ही बजेटवर काय बोललात?

त्यातही पुरवणी मागण्या हा प्रकार समजून घ्या, कारण खरी गडबड तिथे असते. मार्चमध्ये बजेट होतं, ते गाजतं, पेपरात चौकटी येतात, आणि मग पावसाळी अधिवेशनात आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुन्हा हजारो कोटी मागितले जातात. ३० जून २०२५ ला ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या, म्हणजे बजेट होऊन चार महिनेही झाले नव्हते. घटनेत त्याला जागा आहे, कलम २०५, अचानक खर्च आला तर करायचा कसा म्हणून. पण चार महिन्यांत एवढा खर्च अचानक येतो का, की मार्चमध्ये तूट कमी दिसावी म्हणून तो बाहेर ठेवला होता, हे विचारायचं काम सभागृहात बसलेल्या माणसाचं आहे. अनेक खात्यांच्या मागण्यांवर तर चर्चाच होत नाही, वेळ संपला की उरलेल्या सगळ्या एकदम मताला टाकतात आणि आवाजी मतदानाने मंजूर. तुमच्या आमदाराने त्या दिवशी कपात सूचना, म्हणजे मागणीतली रक्कम कमी करा असा प्रस्ताव, दिली होती का, बोलला होता का, निदान हजर तरी होता का, हे विचारा. लेखी विचारा.

करांचंही तसंच आहे. जीएसटीचे दर जीएसटी परिषदेत ठरतात, तिथे राज्याचे मंत्री बसतात, तुमचा आमदार नाही, म्हणून दुकानातल्या मालाचा रेट का वाढला यावर त्याला धरलं तर तो सुटतो. पण पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, गाडीचा टॅक्स, विजेवरचं शुल्क, व्यवसाय कर, दारूवरचं उत्पादन शुल्क, हे राज्याच्या हातातले कर आहेत, इथे त्याला पळायला जागा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर-दोनशेच्या स्टँपच्या जागी पाचशेचा स्टँप आला, आठवतं का? तहसीलबाहेर लोक नुसते चरफडले. तो वटहुकूम होता आणि वटहुकूम नंतर सभागृहापुढे ठेवावाच लागतो, म्हणजे आमदाराला तिथे बोलायची संधी होतीच. तो बोलला का हे कोणी विचारलं? खासदारासाठी पण एक प्रश्न लिहून ठेवा, डिझेलवर केंद्र जो सेस घेतं तो राज्यांना वाटला जात नाही, वाटणी होते ती बाकीच्या करांची, तर त्यावर तुमची भूमिका काय.

व्यवसाय कराचं निघालं म्हणून सांगतो, कारण हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पगारातून वर्षाला जे २,५०० कापले जातात तो कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीसाठी. दुष्काळात वि. स. पागेंनी ही योजना उभी केली, आणि शहरात पगार घेणाऱ्याने खेड्यातल्या खडी फोडणाऱ्याच्या मजुरीसाठी कर द्यायचा असं ठरलं, सरकारनेही तितकाच वाटा घालायचा. कर कशासाठी घेतोय हे सांगून घेतलेला कर होता तो. आज पगाराची स्लिप बघणाऱ्या दहा जणांना विचारा हे पैसे कशाचे, एकालाही सांगता येत नाही. नेत्यांनी हिशोब देणं सोडलं तसं आपणही विचारणं सोडलंय.

सभागृहातलं कसं तपासायचं? आमदाराने विचारलेले तारांकित-अतारांकित प्रश्न आणि त्यांची उत्तरं विधिमंडळाच्या वेबसाइटवर मिळतात. त्यांची भाषा ठरलेली असते, "हे खरे आहे काय?" आणि उत्तर येतं "होय", "अंशतः खरे आहे", "हे खरे नाही" किंवा "प्रश्न उद्भवत नाही". मला विचाराल तर "अंशतः खरे आहे" आलं की तिथे खणायचं, कारण तेवढं तरी मंत्र्याने लेखी कबूल केलंय आणि ते सभागृहापुढे ठेवलेलं उत्तर आहे, भाषणातलं वाक्य नाही. तुमच्या भागाचे किती प्रश्न तुमच्या आमदाराने वर्षभरात टाकले ते मोजा. नसतील तर तुम्हीच प्रश्न लिहून द्या, कामाचं नाव, साल, आकडा घालून. चांगला तयार प्रश्न हातात आला तर बरेच आमदार तो टाकतात, हे मी प्रत्यक्ष बघितलंय. विरोधात असेल तर आनंदाने टाकतो, सत्तेत असेल तर त्याला दहा वेळा भेटावं लागतं.

आता तुमच्या रस्त्याकडे येऊ. "निधी आणला" याला दप्तरात काही अर्थ नाही. पैसा कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशोबातल्या खर्चाच्या कुठल्या सदरातून आला ते विचारायचं. ग्रामविकासचं २५१५ असेल, ज्याला सगळे पंचवीस-पंधरा म्हणतात, ती लोकप्रतिनिधींनी सुचवलेली कामं. ५०५४ असेल तर रस्त्याचं नवीन काम, ३०५४ असेल तर दुरुस्ती, आमदार निधी असेल तर मंजुरी कलेक्टरची आणि कागद जिल्हा नियोजन कार्यालयात, डीपीडीसीचा म्हणजे जिल्हा नियोजन समितीचा असेल तरी तिथेच. बोर्डावर बहुतेक वेळा हे सगळं एकाच नावाखाली लिहिलेलं असतं, पण आमदार चेक फाडत नाही, तो शिफारस करतो. म्हणून त्याच्या ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज टाकून उपयोग नाही, कागद खात्याकडे असतात. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर पीडब्ल्यूडी, इतर जिल्हा मार्ग किंवा ग्रामीण मार्ग असेल तर झेडपीचा बांधकाम विभाग.

आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे एमबी, मोजमाप पुस्तक. बाकीचे कागद नुसते चांगले दिसतात, बिल निघतं ते एमबीवर. एक प्रसंग सांगतो, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, नाव घेत नाही. गावात काँक्रीटचा रस्ता झाला होता, आणि नळाला पाणी भरायला जाणारी एक आजी म्हणत होती की कडेला तुटलंय तिथून खालची माती दिसते. एमबीत लिहिलं होतं लांबी १४० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी १५ सेंटिमीटर. मी रिटायर झालो होतो, साधा माणूस म्हणून गेलो, बचत गटाच्या दोघी बायांनी ३० मीटरचा टेप धरला, चार वेळा पूर्ण गेला आणि पाचव्यांदा सहा मीटरवर रस्ता संपला. १२६. मग पाइपलाइनसाठी रस्ता कापला होता तिथे पोराच्या कंपासमधली पट्टी उभी लावली, दहा सेंटिमीटर. हिशोब तिथेच वहीवर मांडला, बिल ६३ घनमीटरचं आणि जागेवर ३८ सुद्धा भरत नाही. पुढच्या वेळी आमदार गावात आले तेव्हा कोणी घोषणा दिली नाही, त्या आजीने फक्त विचारलं, "कितला पैसा उना नि कितला लागना, इतलंच सांगा." आणि मोजमापाचा कागद हातात दिला, पोच मागितली. भूमिपूजनाचा नारळ आमदारांनीच फोडला होता. आठ दिवसांत त्यांचं पत्र कार्यकारी अभियंत्याला गेलं, उरलेला तुकडा झाला, जाडीच्या फरकाची वसुली ठेकेदाराच्या अनामतीतून निघाली. आकडा हातात असला की माणूस बोलणं टाळू शकत नाही, मग तो कुठल्याही पक्षाचा असो.

ठेकेदाराची बाजूही सांगतो, कारण सगळा दोष त्याच्यावर टाकून सोडून देणं मला पटत नाही. टेंडर अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के बिलो म्हणजे कमी दराने भरलेलं असतं, त्यात मधल्यांचं वाटप, मग काम उभं कशावर राहणार. टेंडर किती बिलो गेलं तो कागद मागा म्हणजे रस्ता का उखडला ते घरबसल्या कळतं. दोष दायित्व कालावधी किती आहे तेही बघा, त्या मुदतीत खराब झालेला रस्ता ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने दुरुस्त करायचा असतो. तुमचा चार वर्षांत दोनदा झाला म्हणता, तर दुसऱ्यांदा पैसे कसे निघाले हाच माझ्या मते तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

कागद बघायला प्रत्येक वेळी माहिती अधिकार लागतोच असं नाही. राज्य सरकारचा नोव्हेंबर २०१८ चा जीआर आहे, जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायला द्यायचे. जीआरची प्रिंट खिशात ठेवा, कारण टेबलावरच्या माणसाला बहुतेक वेळा तो माहीतच नसतो, आणि कृपा करून त्याच्यावर ओरडू नका, तो उद्या तुम्हाला मदत करणारा माणूस आहे.

ग्रामपंचायतीचं तर आणखी सोपं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा कोणी चुकवू नका. भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकाला, नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ ची रोकड वही आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या खात्याचं बँक स्टेटमेंट समोर ठेवायला सांगा. आयोगाचे पैसे किती आले, कशावर गेले हे ई-ग्रामस्वराजवर मोबाइलवरही दिसतं, गावाचं नाव टाकलं की झालं. अक्कलकुवा, धडगावकडच्या पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याखालच्या गावांना आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्क्यांचा अबंध निधी, म्हणजे कशावर खर्चायचा ते गावाने ठरवायचा पैसा, थेट येतो, तिथे ग्रामसभेचा शब्द आणखी वजनदार. आमदाराला जाब विचारायची सवय इथून लागते. स्वतःच्या घरपट्टीचा हिशोब ज्याने मागितला नाही तो राज्याच्या बजेटचा मागेल असं मला वाटत नाही.

विधिमंडळाच्या समित्यांबद्दल लोकांना फार कमी माहिती असते. कॅगचा म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहापुढे येतो, मग लोकलेखा समिती सचिवांना बोलावून विचारते. झेडपीच्या आमच्या लेखा आक्षेपांवर पंचायत राज समिती बसते, ती जिल्ह्यात येणार म्हटलं की दप्तरं रात्री बारापर्यंत पूर्ण होतात, मी स्वतः बघितलंय. वीस-वीस वर्षांचे आक्षेप अनुपालन नाही, म्हणजे खात्याने उत्तर-पूर्तता केली नाही, म्हणून पडून असतात ते त्या आठवड्यात हलतात. म्हणून समितीचा दौरा लागला की निवेदन घेऊन जा, पोच घ्या. या समित्यांवर नजर का ठेवायची ते धुळ्याने बघितलंच आहे. मे २०२५ मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती आली असताना गुलमोहर विश्रामगृहाच्या १०२ नंबरच्या खोलीत १ कोटी ८४ लाखांची रोकड सापडली, एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक नेमावं लागलं. पैसा कोणाचा होता हे ठरवणं तपासाचं काम. पण खर्चावर नजर ठेवायला आलेली समिती जिथे उतरली त्या विश्रामगृहात ही रोकड निघावी याचं मला खूप वाईट वाटलं, कारण ज्या टेबलावर आमचे आक्षेप जातात ते टेबल स्वच्छ असलं पाहिजे.

जळगावचं घरकुल प्रकरण तर आपल्या दारातलं. हुडकोचं, म्हणजे घरांसाठी कर्ज देणाऱ्या केंद्राच्या कंपनीचं, कर्ज काढून हजारो घरं बांधायची होती, बरीचशी झालीच नाहीत, कर्ज मात्र शहराच्या डोक्यावर राहिलं आणि ते फेडलं कोणी, तर घरपट्टी भरणाऱ्याने, रस्ते-गटारी न मिळता. २००६ मध्ये आयुक्तांनी फिर्याद दिली आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष कोर्टाने ४८ जणांना दोषी ठरवलं, त्यात माजी मंत्री होते आणि नगरसेवक होते, पुढे प्रकरण हायकोर्टात गेलं. नगरसेवक दोषी ठरले हे नीट लक्षात घ्या. ठरावाच्या बाजूने हात वर करणं म्हणजे सही करण्यासारखंच असतं. नगरपालिकेत असो की विधानसभेत, हात वर करणाऱ्याला तो का केला हे विचारता आलं पाहिजे, आणि ते तेरा वर्षांनी कोर्टाने विचारण्यापेक्षा त्याच महिन्यात आपण विचारलेलं बरं.

आमच्या अमळनेरचं पाडळसे धरण, निम्न तापी, सुरुवातीला दीडशे कोटींच्या आतलं होतं, डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित मान्यता ४,८९० कोटींची झाली. पंचवीस वर्षं प्रत्येक निवडणुकीत ते आश्वासन होतं. लोकांनी जनआंदोलन समिती केली, उपोषणं केली, पाठपुरावा केला तेव्हा ते हललं. त्यातून मी शिकलो ते इतकंच, की "धरण कधी होणार" विचारलं की भाषण मिळतं, आणि "यंदाच्या बजेटमध्ये किती तरतूद, त्यातली वितरित किती, मार्चअखेर खर्च किती" विचारलं की उत्तर द्यावं लागतं. तरतूद, वितरण, खर्च, हे तीन आकडे कुठल्याही कामाचे मागा. तरतूद मोठी नि वितरण शून्य असेल तर त्या टाळ्या फुकट वाजल्या.

भीती वाटते, काय करू, असं पण विचारलंय तुम्ही, दुकान आहे, लायसन्स आहे. वाटणारच. म्हणून एकट्याने करू नका, एकाच कामाचे वेगवेगळे कागद पाच जणांनी पाच नावांनी मागा, त्यात दोन बाया आणि एक समोरच्या पार्टीचा माणूस घ्या. व्हॉट्सअॅपवर काही टाकू नका जोवर कागद हातात नाही. आणि आरोप करू नका, नुसतं विचारा.

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र "अ" मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, आपल्या राज्याचा तसा नियम आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरं, ते नाशिक खंडपीठाकडे, तिथे वेळ लागतो म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा. तुमच्यासाठी मजकूर असा:

"फाटा ते गाव या रस्त्याच्या मागील चार आर्थिक वर्षांत झालेल्या सर्व कामांबाबत, प्रत्येक कामाचे लेखाशीर्ष, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, मंजूर अंदाजपत्रक, स्वीकृत निविदेचा दर, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची संबंधित पाने, अदा केलेली देयके, काम पूर्णत्वाचा दाखला आणि दोष दायित्व कालावधी नमूद असलेला करारनामा यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. तसेच कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्यास आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्यास परवानगी मिळावी."

शेवटचं वाक्य काढू नका, माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये तो हक्क दिलेला आहे आणि लोक तो वापरतच नाहीत. कागद आले की एमबीची पानं वेगळी काढा, टेप घ्या आणि रस्त्यावर सकाळी लवकर जा, अकरानंतर आपल्याकडच्या उन्हात टेप धरवत नाही.